उधारि बंद आहे

बाहेरगावी शिकणारा मुलगा सुट्टीत घरी येणं हा गावातला एक छोटासा सार्वजनिक कार्यक्रमच असतो. डॉक्टरकी शिकणारा आला, तर लोक जिभा बाहेर काढून दाखवतात. वकिली शिकणारा आला, तर धुऱ्याचं भांडण घेऊन येतात. मी चित्रकला शिकत होतो. त्यामुळं माझ्याकडं लोक पत्र्याचे डबे घेऊन येत. नाव टाकून द्यायला.

1978 सालच्या दिवाळीची ही गोष्ट. मी मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दुसऱ्या वर्षाला होतो. सत्राचे शेवटचे पंधरा दिवस म्हणजे आधीचे चार महिने आपण चहा पिण्यात घालवले, याचा रोज सापडणारा पुरावा. रात्ररात्र जागून चित्रं पुरी केली. पण तैलरंगात जवसाचं तेल असतं आणि ते स्वतःच्या सवडीनं वाळतं. त्याला आपली गाडीची वेळ ठाऊक नसते. अर्धवट ओलं चित्र घेऊन मी व्ही. टी.ला (तेव्हा ती व्ही. टी.च होती, नाव 1996 साली बदललं) बिनारिझर्वेशनच्या डब्यात शिरलो. वर्ध्याला उतरलो तेव्हा चित्रातलं आभाळ थोडं कमी झालं होतं. ते समोरच्या आजोबांच्या धोतरावर होतं. त्यांना ते कळायच्या आत मी राळेगावची एस. टी. पकडली. वर्धा नदीचा पूल ओलांडून आपल्या जिल्ह्यात आलो, तेव्हा कुठं मागं वळून पाहिलं.

अंगणात पाय ठेवला तर बाबांजवळ दोघंतिघं बसलेले.

“काय शिकते बाप्पा पोट्टा मुंबईले?”

“चित्र काढते,” बाबा म्हणाले.

“ते तं ठीक हाय. पण शिकते काय?”

बाबांनी सुपारी कातरायला घेतली. या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही हवं होतं.

मी कॉलेजचा मोठेपणा सांगायला बसलो. 1857 साली स्थापना झाली, सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले, सगळं सांगितलं. कुणी हललं नाही. मग हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, किपलिंग नावाचा जगप्रसिद्ध इंग्रज लेखक 1865 साली आमच्या कॉलेजच्या आवारातच जन्मला. त्याचे वडील तिथं शिकवायला होते.

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “कॉलेजात? त्याची माय बाळंतपणाले माहेरी कायले नाई गेली?”

यावर जे. जे.च्या इतिहासात उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं माझी फाईल उघडली. मॉडेल बसवून केलेली म्हाताऱ्याची रेखाचित्रं होती, नुसत्या लंगोटावरची. फासळी अन् फासळी मी जीव ओतून काढली होती. आईनं ती बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता कौतुक होणार.

“काऊन रे, याले लेकरंबाळं नाईत का? कोणी पांघरूण देत नाई, जेवाले देत नाई...”

मी फाईल मिटली. मग ते ओलं चित्र दाखवलं. आईनं वास घेतला. “जवसाचा वास येते.” बाबांनी मागून बोटांनी कापड चाचपलं. “हा तं कापूस हाय.”

मी म्हटलं, “त्याला कॅनव्हास म्हणतात.”

“म्हंजे कापूस आपला, जवस आपली. मंग याच्यात मुंबईचं काय?”

मी किंमत सांगितली. बाबांनी मनातल्या मनात ती कापसाच्या मणात मोडली. बराच वेळ मोडत होते. मग म्हणाले, “आपला कापूस मुंबईले जाऊन लईच हुशार झाला.”

तो टोला कापसाला नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. माझं लक्ष दुसरीकडं होतं. कोपऱ्यात नुकताच वेचून आणलेला कापूस पडला होता. आमचे सर सांगत, पांढरा रंग कधी नुसता पांढरा नसतो. त्यात निळं असतं, पिवळं असतं, नीट पाहायला शिका. मी तेच बाबांना ऐटीत सांगितलं. बाबांनी ढिगातून चार बोंडांचा कापूस उचलला आणि माझ्यापुढं ठेवला. हा पहिल्या वेच्याचा. हा पावसात भिजलेला. हा कवडी. आणि हा दिसतो चांगला, पण धागा आखूड, ओढून पाहा. मी चार पांढरे पाहिले. खरं सांगतो, मला दोनच दिसले.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या शेठजींचा निरोप आला. दुकानावर लावायला एक बोर्ड हवा होता. मजकूर, ‘उधारी बंद आहे’. जे. जे.चा विद्यार्थी आणि दुकानाची पाटी! तरी मी मोठ्या मनानं पंचवीस रुपये सांगायचं ठरवलं. जेवताना ते बोललो, तर बाबा ताटावरची नजर न काढता म्हणाले, “पैशे घ्याचे नाईत.”

मी भडकलो. कलावंताची पिळवणूक या विषयावर भाषण केलं. शहरात नुकतंच ऐकलं होतं, पाठ होतं. बाबांनी भाकरी संपवली, हात धुतला आणि झोपायला गेले.

बोर्ड मी रागातच रंगवला. लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. लांबून वाचणाऱ्याची छाती दडपेल असा. शेठजी खूष. तेवढ्यात निवृत्त गुरुजी साखर घ्यायला आले. चष्मा वर करून म्हणाले, “उधारीची वेलांटी ऱ्हस्व काढली तू. मुंबईले शुद्धलेखन नसते का?” मी शरमेनं ब्रश घेऊन चढायला लागलो, तर शेठजी म्हणाले, “राहू दे. पाहू मंग.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, “चल दुकानात.” बोर्डाखालून आम्ही आत गेलो. शेठजींनी काही न विचारता गल्ला उघडला, नोटा मोजल्या आणि बाबांच्या हातात ठेवल्या. मग लाल वही काढली. मी वाकून पाहिलं. बाबांच्या नावाचं पान होतं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर महिन्याला एक रक्कम आणि पुढं एकच शब्द: ‘रंग’. दर महिन्याला मला मनिऑर्डर यायची ती कुठून निघत होती, ते त्या पानावर होतं. आमचा कापूस अजून घरातच होता, विकायचा होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, “पण शेठजी, बोर्ड...”

“त्याची वेलांटी चुकली हाय,” शेठजी लिहितालिहिता म्हणाले. “चुकीचा बोर्ड. लागू होत नाई.”

वही मिटताना मला शेवटची ओळ दिसली. जमेच्या बाजूला होती. ‘बोर्ड, 25 रु.’

आता मला कुणीकुणी विचारतं, तुमचं पहिलं काम कुठं विकलं गेलं? माणूस मुंबईतल्या एखाद्या गॅलरीचं नाव ऐकायच्या तयारीत असतो. मी राळेगाव सांगतो. पैसे मात्र हातात आले नाहीत, वहीतूनच परस्पर वळते झाले. पुढं सुट्टीत गेलो की शेठजींना म्हणायचो, वेलांटी दुरुस्त करून देतो, फुकट. ते म्हणायचे, “तुयं शिक्षण होऊ दे आधी.”