घरटं हलवण्याआधी

किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्राचं काम मोजायचं कशावर? समुद्रात सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यावर, असं दर हंगामातल्या बातम्या सांगतात. मला हा हिशेब अपुरा वाटतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर काम सुरू केलं, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसं, कोल्हे आणि कुत्री यांच्या तावडीतून क्वचितच सुटत. ती उचलून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, पुरणं हाच तेव्हा शहाणपणा होता. पण अडचणीतला उपाय रोजची रीत झाला की त्याची किंमतही पाहायला हवी.

मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर खड्डा करते आणि त्यात शंभरेक अंडी घालते. काही तासांत गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूने चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो दगावू शकतो. म्हणून पहाटेच माग काढायचा, काठी बेताने खुपसून भुसभुशीत वाळू शोधायची आणि अंडं न फिरवता उचलायचं. हात सरावतो, पण खड्ड्याची जागा निवडण्यात तो मादीची बरोबरी करत नाही. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. साधारण तीस अंशांच्या वर माद्या वाढतात. किनाऱ्यावर विखुरलेल्या घरट्यांना ऊन, सावली, ओल वेगवेगळी मिळते. हॅचरीत सगळ्यांना जवळजवळ एकच हवा, आणि उधाणाचं पाणी शिरलं तर फटकाही सगळ्यांना एकदमच.

यावर कुणी म्हणेल, जागेवर ठेवलेलं घरटं कुत्री ठेवतील का? खरं आहे. भरतीरेषेखालचं, वस्तीलगतचं किंवा चोरांच्या वाटेवरचं घरटं हलवायलाच हवं. तिथे तत्त्व मिरवणं म्हणजे अंडी गमावणं. बाकीच्यांवर मात्र जाळी टाकून गस्त घालता येते. त्यात कष्ट जास्त आणि फोटो कमी, ही खरी अडचण. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पिल्लं समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे गावातल्या घरांना पाहुणे मिळाले आणि अंडी विकण्यापेक्षा राखणं परवडू लागलं. हे मला पूर्ण मान्य आहे. तरी पाहुण्यांसाठी पिल्लं टोपलीत अडकवून ठेवणं चूक. वाळूतून वर आल्यावर पहिल्या काही तासांत त्यांना पोहण्याचा झपाटा असतो. त्यासाठी अंगात असलेली पिवळ्या बलकाची शिदोरी टोपलीतल्या धडपडीत संपते.

म्हणून प्रत्येक किनाऱ्याने पिल्लांच्या आकड्याशेजारी हलवलेल्या घरट्यांचा आकडा आणि प्रत्येकामागचं कारणही लिहावं. आणि या हंगामात वेळास-आंजर्ल्याला येणार असाल, तर मुक्काम एका दिवसाने वाढवा. पिल्लं तुमच्या परतीच्या गाडीची वेळ पाहून वर येत नाहीत.