चावी मिळाल्यानंतर

अहमदाबादमध्ये १९८०च्या दशकात विड्या वळणाऱ्या बायकांसाठी घरांची एक सोडत निघाली. सगळ्या ‘सेवा’ संघटनेच्या सभासद, राहायला झोपडपट्टीत. पक्की घरं मिळणार होती ती शहराच्या कडेला, मध्यवस्तीपासून सुमारे १२ किलोमीटरवर. मागणाऱ्या जास्त आणि घरं कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. काहींची नावं निघाली, बऱ्याच जणींची निघाली नाहीत. एरवी अशा योजनेची गोष्ट इथेच संपते. चावीवाटप होतं, फोटो निघतो, फाइल बंद होते.

शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या तिघी अर्थशास्त्रज्ञांनी ती फाइल पुन्हा उघडली. चौदा वर्षांनंतर या बायकांचं काय झालं, हे त्यांनी दारोदार विचारून काढलं. नाव निघालेल्यांना विचारलं, तसंच न निघालेल्यांनाही. चिठ्ठी कुणाची परिस्थिती बघून निघत नाही. दोन्ही गटांतल्या बायका मुळात सारख्याच होत्या. त्यामुळे पुढे जो फरक पडेल तो त्या घरामुळेच पडला, असं खात्रीने म्हणता येणार होतं. आणि फरक होता तो घरापुरताच. घरं चांगली होती. पण कुटुंबाचं उत्पन्न वाढलेलं नव्हतं, मुलांचं भलं झाल्याचं दिसत नव्हतं. नातलग आणि जातभाई मात्र लांब पडले होते, अडीनडीला हात पुढे करणारं माणूस हाकेच्या अंतरावर राहिलं नव्हतं. नाव निघालेल्यांपैकी ३४ टक्के त्या घरात कधी राहायलाच गेल्या नाहीत. आणखी ३२ टक्के काही काळ राहून निघून गेल्या.

हा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला मानखुर्दच्या आया आठवत राहिल्या.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाळेत मी तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवत असे. २०००नंतरच्या काही वर्षांत रेल्वे रुळांलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबं मानखुर्द आणि वाशी नाक्याच्या इमारतींत आणली गेली. प्रत्येकाला २२५ चौरस फुटांची खोली. लोक त्याला ‘शिफ्टिंग’ म्हणत. “आमचं शिफ्टिंग झालंय बाई, पोराचं नाव घालायचंय,” असं म्हणत आया दारात उभ्या राहत. शाळेचं वर्ष अर्धं उलटलेलं असे. दाखला जुन्या शाळेत राहिलेला. तो आणायला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. मूल मागच्या बाकावर येऊन बसे. तिसरीतलं मूल, पण जोडाक्षर आलं की थांबणारं. त्याला घर कुठे असं विचारलं तर ते जुन्या वस्तीचं नाव सांगे.

एका आईचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. “घर चांगलं आहे हो बाई. नळ आहे, दाराला कडी आहे. पण माझी कामं सुटली.” धुणीभांडी करणारी बाई कामाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, तोवरच ते काम तिचं असतं. पहाटेची लोकल धरून, दोनदा गाडी बदलून कुणाच्या घरी सातच्या ठोक्याला पोहोचता येत नाही. तिची चार घरं गेली आणि त्याबरोबर थोरल्या मुलीची शिकवणी गेली. पुढे धाकट्याला सांभाळायला ती मुलगी घरीच राहू लागली. आमच्या हजेरीपटावर त्याची नोंद ‘सतत गैरहजर’ एवढीच. गृहनिर्माणाच्या कागदावर मात्र ते कुटुंब ‘पुनर्वसित’ होतं. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून बघणारं कुणी कुठल्याच कार्यालयात नव्हतं.

ते काम विद्यापीठांनी करावं, असं मला मनापासून वाटतं. घर आणि शाळा सरकारात दोन खात्यांमध्ये वाटली गेलीत. माणसाच्या आयुष्यात ती एकाच उंबरठ्याच्या आतबाहेर असतात.

मुंबईतली म्हाडाची सोडतही अशीच अभ्यासली गेली आहे. २०१२ आणि २०१४च्या सोडतींत घर लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांना काही वर्षांनी तनु कुमार या संशोधिकेने गाठलं. इथलं उत्तर अहमदाबादपेक्षा वेगळं निघालं. घर लागलेल्या कुटुंबांतली तरुण माणसं अधिक शिकलेली होती, अधिक प्रमाणात नोकरीत होती. दोन शहरांत एवढा फरक का? अर्जदारच वेगळे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवं: म्हाडाचा अर्ज भरणारं कुटुंब गरीब असलं तरी त्याच्याकडे कागदपत्रं असतात, अनामत भरायची ऐपत असते. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. म्हाडाचं घर लागलं म्हणून तिथे राहायला जाण्याची सक्ती नव्हती. भाड्याने देऊन आपल्या ओळखीच्या वस्तीत, मुलांच्या शाळेजवळ राहता येत होतं. कुठे राहायचं याचा निर्णय कुटुंबाच्या हातात राहिला. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात तो निर्णय कुणीच घेतला नव्हता. तो ट्रक घेऊन आला होता.

शाळेपुरतं बोलायचं तर मी शिकवत होते त्याच काळात मुंबईत आणि बडोद्यात एक मोठा प्रयोग चालला होता. ‘प्रथम’ ही संस्था वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमत असे. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन ती त्यांना वाचन आणि आकडेमोड शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी या कामाची काटेकोर तपासणी केली आणि २००७मध्ये निष्कर्ष मांडले: मुलांची प्रगती ठळक होती, आणि सगळ्यांत जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांत या प्रयोगाचा उल्लेख आला. आमच्या शाळेतही एक बालसखी होती. व्हरांड्यात चटई टाकून ती बसायची. कुठल्या मुलाच्या घरात रात्रपाळी आहे, कुणाची आई गावी गेली आहे, हे तिला ठाऊक असायचं, कारण ती त्याच गल्लीत राहायची. त्या मुलांना वाचता येऊ लागलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि तीही सांगायलाच हवी. कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला मोठा भाग ओसरला. दोन तासांची चटई पुरेशी नव्हती. उरलेले बावीस तास मूल जिथे काढत होतं ती जागा बदललेली नव्हती.

विद्यापीठांकडे परत यायचं तर, मुंबईच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या पट्ट्यात, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. देशाची लोकसंख्या आणि आरोग्य यांची मोजदाद करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही तिथेच आहे. आणि २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सगळ्या विभागांत हाच विभाग तळाला होता. टाटा संस्थेने २०११मध्ये, आपल्या अमृतमहोत्सवी वर्षात, याच विभागात दीर्घकाळाचं काम हाती घेतलं. दूरचे देश पालथे घालणाऱ्या अभ्यासकांनी आपल्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उतरावं, यापरती मोठी गोष्ट मला विद्यापीठाकडून अपेक्षित नाही. पुढे २०१८मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी इथल्या पुनर्वसन इमारती तपासल्या आणि क्षयरोगाचा संबंध खेटून बांधलेल्या इमारतींशी, खालच्या मजल्यांवर न पोहोचणाऱ्या उजेड-वाऱ्याशी लावून दाखवला. वर्गात दिवसभर खोकणारी मुलं आम्ही रोज बघत होतो. इमारतींमधलं अंतर मोजून त्या खोकल्याचं कारण कुणीतरी कागदावर आणलं.

अभ्यासकांनी आपल्याच शहरात उतरणं मराठी माणसाला नवं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. त्या पाहणीचे खंड ग्रंथालयात धूळ खात असतील, पण त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं पाऊल. १९५०च्या दशकात ना. वि. सोवनी आणि त्यांचे सहकारी त्याच शहराची पुन्हा पाहणी करायला निघाले. एकदा विचारून मोकळं व्हायचं नाही, पुन्हा जायचं. गरीब वस्तीत माहिती गोळा करणारे पुष्कळ येतात. परत येणारे थोडे.

आता धारावीचं पुनर्वसन चाललं आहे. १ जानेवारी २०००पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच घर, आणि नंतर आलेल्यांना, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर. बाहेरच्या घरांसाठी जी जमीन ठरवली आहे तीत देवनारच्या कचराभूमीचा भाग आहे, म्हणजे पुन्हा तोच एम-पूर्व विभाग. अहमदाबादच्या विडी कामगार बायकांनी चौदा वर्षं भोगून दिलेलं उत्तर आपल्यापुढे छापील आहे. तेव्हा कुटुंबं हलवण्याआधीच प्रत्येक मुलाची शाळा, इयत्ता आणि आईच्या कामाचं ठिकाण लिहून घ्यावं. नव्या जागेजवळच्या शाळांत तेवढ्या जागा आणि तेवढे शिक्षक आहेत का, हे घरांच्या आराखड्याबरोबरच तपासावं. वर्ष अर्ध्यावर असताना कुणालाही हलवू नये. आणि या मुलांकडे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी परत जाण्याची जबाबदारी मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठाने आजच, लेखी, स्वतःकडे घ्यावी. त्या यादीत धारावीतल्या घरासाठी ‘अपात्र’ ठरलेल्यांच्या मुलांचीही नावं असावीत.