काळवत्रीच्या पोटात

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल उल्हासनगर मागे टाकते आणि अंबरनाथ येते. कारखान्यांच्या या गावात, वालधुनीच्या काठी, शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर उभे आहे. त्यातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, राजा मुम्मुणीच्या राजवटीतला. शिल्पांची लयलूट सगळी बाहेर. गाभारा मात्र जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून जावे लागते.

गेल्या माघात गेलो तेव्हा आमच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक बरोबर होते. मी मूर्ती पाहत होतो, ते दगड!

"सर, ही काळवत्री धूर पचवते, ठाऊक आहे?"

मला वाटले, थट्टाच. पण ते गंभीर होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. थरावर थर, पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला. धुरातल्या कर्बवायूला जुने लोक कर्बाम्लवायू म्हणत, ते नाव इथे सार्थ ठरते. पाण्यात विरघळला, की त्याचे सौम्य आम्ल होते. ते दगडातले कॅल्शियम सोडवते, त्याच्याशी संयोग पावते आणि स्वतःच दगड बनते! घाटातल्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसतात, त्यांतला कॅल्साइट याच जातीचा.

आइसलंडात २०१२ साली हा वायू पाण्यात मिसळून अशाच दगडात खोल सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिकाचा दगड झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनेही आपली काळवत्री या दृष्टीने अभ्यासली आहे.

"मग अडते कुठे?" मी विचारले.

"जागा शोधण्यात. खालचा थर सच्छिद्र हवा, वर घट्ट थराचे झाकण हवे, वायू निसटेल अशा भेगा नकोत. शिवाय पाणी! आइसलंडात टनभर वायूमागे पंचवीसेक टन पाणी लागले."

चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणारी आपली गावे माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि ११ डिसेंबर १९६७ची कोयनेची पहाटही. या भूमीच्या पोटात काही दाबण्यापूर्वी तिची नाडी नीट पाहायला हवी.

हलाहल शंकराने प्राशन केले खरे, पण ते एकदाच. आपण रोज नवा प्याला भरायचा आणि दगडापुढे धरायचा, हे कसे चालेल? पचेल तेवढे त्याला जरूर द्यावे. पण घरातली चूल असो वा कारखान्याची भट्टी, धूर आधी आपण आवरावा.