दुहेरी बंधाचं चुकीचं उत्तर

अकरावीला अल्कीन शिकवताना, ते लगेच अभिक्रिया का करतात याचं मी कित्येक वर्षं एकच कारण सांगायचो: दुहेरी बंध कमजोर असतो, म्हणून लवकर तुटतो. मुलं तेच पेपरात लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायचो. ते कारण चूक होतं.

एका मुलीने पुस्तकातला तक्ता पुढे केला. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे 347 किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे 611. "सर, मग कमजोर कोणता?" मी "दुहेरी बंधावर ताण असतो" असं ठोकून दिलं. इथीनमधले कोन 120 अंशांच्या आसपास असतात. तिथे ताण कसला? माहीत नसताना दिलेलं हे उत्तर मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त लागतं.

खरं उत्तर त्याच तक्त्यात होतं. 611 मधून 347 वजा केले की 264 उरतात. दुहेरी बंध म्हणजे एक सिग्मा आणि एक पाय बंध; ढोबळमानाने तेवढा पाय बंधाचा वाटा. अभिक्रियेत दुहेरी बंध पूर्ण तुटतच नाही. सिग्मा बंध जागेवर राहतो, पाय बंध सुटतो आणि दोन नवे सिग्मा बंध तयार होतात. या व्यवहारात बहुधा ऊर्जा बाहेर पडते. शिवाय पाय बंधाचे इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या मधोमध घट्ट धरलेले नसतात. ते रेणूच्या प्रतलाच्या वर-खाली पसरलेले असतात. ब्रोमीनचा रेणू जवळ आला की या इलेक्ट्रॉनांमुळे त्याचे स्वतःचे इलेक्ट्रॉन मागे रेटले जातात, अलीकडचा अणू अंशतः धन होतो आणि तिथेच जोडणी सुरू होते.

प्रयोगशाळेतही मी घोळ घातला. ब्रोमीनच्या पाण्यात द्रव पॅराफिन घालून परीक्षानळी हलवली. खालचं पाणी फिकं पडलं आणि मी सांगून टाकलं, पॅराफिन असंपृक्त आहे! वरचा थर नारिंगी झाला होता, तिकडे माझं लक्षच नव्हतं. ब्रोमीन संपलं नव्हतं, पाण्यातून पॅराफिनमध्ये गेलं होतं. शेंगदाणा तेल घेऊन नळी नीट हलवली तेव्हा दोन्ही थरांतला रंग गेला.

त्या वर्गाला मी दोन्ही चुका फळ्यावर लिहून दुरुस्त करून दिल्या. आधीच्या बॅचेसना मात्र ते सांगता आलं नाही. तुम्ही हा धडा शिकवत असाल, तर परीक्षानळी उजेडात धरा आणि मुलांना दोन्ही थर दाखवा.