वरण निवेपर्यंत

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरत-भुसावळ रेल्वेने कामासाठी आलेली खानदेशी माणसं सुरतेच्या उधना, डिंडोली, लिंबायत भागात स्थिरावली, त्यांतलेच आम्ही. यजमान लूमवर रातपाळीला, धाकटे दीर दिवसपाळीला. पाळी बारा तासांची. संध्याकाळी शिजलेलं वरण दीर लगेच गरम खातात, यजमान सकाळी घरी आल्यावर. म्हणून आमच्याकडे अन्न निववणं हे रांधण्याइतकंच जपून करायचं काम आहे.

गावी हिवाळ्यात वरणाचं पातेलं झाकून ठेवलं तरी सकाळपर्यंत चालून जायचं. सुरतेची हवा दमट, पावसाळ्यात रात्रीही उकाडा. इथे भरलेलं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं, आणि 60 ते 5 अंश सेल्सिअसच्या मधल्या पट्ट्यातच जंतू फोफावतात.

म्हणून सकाळचा वाटा मी आधीच वेगळा काढते. वरण रुंद परातीत ओतायचं, परात गार पाण्याच्या टबात ठेवायची आणि पळी फिरवत राहायचं. थोड्या वेळाने कड गार लागते, वर साय धरते. पण तळातून पळी ओढली की मधून भपकन वाफ येते. मग टबातलं पाणी बदलायचं. वाफ थांबली की वरण लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये. चुलीवरून उतरल्यापासून 2 तासांच्या आत हे व्हायलाच हवं. डबे एकमेकांना चिकटवून ठेवत नाही, गारवा फिरायला जागा लागते.

भाताला आणखी जपते. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही टिकतात. भात कोमट पडून राहिला की जंतू वाढतात, आणि त्यांचं एक विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. वासावरून कळतही नाही. त्यामुळे ‘सकाळी फोडणी देऊ’ म्हणून भात रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं. मी तो ताटात पातळ पसरते, वर जाळी घालते आणि निवताच फ्रीजमध्ये टाकते. सकाळी लागेल तेवढंच काढून वरणाला खळखळून उकळी आणते, भात वाफाळेपर्यंत गरम करते.

लूमवर मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. पोट बिघडून पाळी बुडाली की त्या दिवसाचे पैसे गेले. माझ्या घरचा माणूस शिळ्या अन्नाने आजारी पडू नये, एवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी करते.