उरलकाठची पोलादनगरी

रशियातील चेल्याबिन्स्कहून नैर्ऋत्येकडे निघालेला रस्ता उरल पर्वताच्या पूर्वेकडील उघड्या गवताळ प्रदेशातून जातो, आणि आडोसा म्हणून नसलेल्या त्या सपाटीवर वारा इतका मोकाट सुटलेला असतो की, येथे हिवाळ्यात राहण्याचे मनुष्याने आपखुशीने ठरविले असेल, असे प्रवाशाला वाटत नाही. मॅग्नितोगोर्स्कच्या पहिल्या रहिवाशांपैकी हजारोंनी ते ठरविलेही नव्हते. मॅग्नितनाया नावाच्या चुंबकीय लोहखनिजाच्या डोंगरापाशी 1929 साली तंबूंची वसाहत उभी राहिली. अमेरिकेतील गॅरी येथील पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून आराखडे तयार झाले. आणि 1 फेब्रुवारी 1932 रोजी पहिल्या झोतभट्टीतून लोखंड वाहू लागले. पहिल्या रहिवाशांत तरुण उत्साहाने आलेले कामगार होते, तसेच ज्यांची शेतीवाडी सरकारजमा करून ज्यांना मुलाबाळांसह मालगाड्यांत कोंबून येथे आणले, असे शेतकरीही होते. 1932 च्या अखेरीस देशांतर्गत पारपत्राचा कायदा आल्यावर तर कोणी कोठे राहावे, हे सरकारी दप्तरातच ठरू लागले.

शहराच्या मधून उरल नदी वाहते. तिचा डावा काठ आशियाचा, उजवा युरोपचा. कारखाना आशियात, बहुतेक घरे युरोपात, आणि पाळीवर जाणारा कामगार रोज खंड ओलांडतो. एर्न्स्ट माय या जर्मन स्थापत्यकाराने आखलेली पहिली पक्की वस्ती डाव्या काठावर कारखान्याच्या धुराच्या सान्निध्यातच झाली; लोकवस्ती नदीपलीकडे सरकली ती पुढे. ज्या डोंगरासाठी हे सर्व घडले, तो आता खोदून संपला आहे, त्याच्या जागी विस्तीर्ण खड्डे आहेत, आणि भट्ट्यांना लागणारे खनिज दुरून आणावे लागते.

उजव्या काठावर नदीच्या बाजूस पंधरा मीटर उंचीचे एक शिल्प आहे: कामगार सैनिकाच्या हाती खड्ग देत आहे. काही विशेष मनात धरून मी गेलो नव्हतो; पण कामगार पूर्वेच्या भट्ट्यांकडे आणि सैनिक पश्चिमेच्या रणभूमीकडे पाहतो, हे तेथे उभे राहिल्यावर समजले आणि मन भरून आले. 1941 च्या जुलैत येथील गिरणीत चिलखती पत्रा लाटला गेला. दुसऱ्या महायुद्धातील दर दुसऱ्या सोव्हिएत रणगाड्याला याच शहराचे पोलाद होते, असे येथे अभिमानाने सांगतात. तो अभिमान सार्थ आहे. परकीयांना हे शहर दीर्घकाळ बंद होते. तरी 1955 साली पंडित नेहरू राजकीय पाहुणे म्हणून येथे येऊन गेले. त्याच वर्षी सोव्हिएत मदतीने उभारायच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता, आणि ज्या दुर्ग जिल्ह्यात तो व्हायचा होता, त्याचा कारभार तेव्हा नागपुरातून चालत असे.

या शहरात 31 जुलै 1986 रोजी येव्गेनी माल्किनचा जन्म झाला. वडील व्लादिमीर कारखान्यात नोकरीस होते आणि स्वतःही बर्फावरील हॉकी खेळत. मुलगा तीन वर्षांचा असतानाच बर्फावर उतरला. येथला संघही कारखान्याचाच, नावसुद्धा ‘मेताल्लुर्ग’, म्हणजे धातुकर्मी. हा उंचापुरा खेळाडू चकती काठीला लागलेली ठेवून तीन गड्यांमधून वाट काढतो, तेव्हा एवढा मोठा देह इतक्या नाजूक हालचाली कशा करतो, याचे नवल ओसरत नाही. 2004 साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघांनी नवोदितांची निवड केली, तीत अलेक्सांद्र ओवेच्किन पहिला आणि माल्किन दुसरा निघाला. त्याला निवडले पिट्सबर्गने, म्हणजे दुसऱ्या एका पोलादनगरीनेच.

परंतु जाणे सोपे नव्हते. 2006 च्या ऑगस्टमध्ये रात्री उशिरापर्यंत चाललेल्या आर्जव-दडपणानंतर त्याने मेताल्लुर्गच्या आणखी एका वर्षाच्या करारनाम्यावर सही केली. त्याचे पारपत्रही काढून घेतले होते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. काही दिवसांनी संघ सरावासाठी हेलसिंकीला उतरला, आणि तेथल्या विमानतळावरून हा वीस वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. अमेरिकेचा परवाना हाती येईपर्यंत तो तेथे लपून राहिला. मेताल्लुर्गने अमेरिकेत फिर्याद केली. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाईहुकूम दिला नाही. तोवर माल्किनने पिट्सबर्गकडून पहिल्या सहाही सामन्यांत गोल केले होते.

1930 च्या सुमारास आणलेल्या शेतकऱ्यांच्या यातना आणि एका मानधनी खेळाडूची अडवणूक यांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल, आणि ते मी करीत नाही. तरीही मनुष्याला सांभाळले म्हणजे त्याच्यावर मालकी आली, ही समजूत या शहराच्या पायात फार जुनी आहे, असे मला वाटते. संघाचे दुःखही खोटे नव्हते: आपल्या अंगणात घडविलेला सर्वोत्तम खेळाडू समुद्रापार जात होता. पण त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पिट्सबर्गला त्याने 2009, 2016 आणि 2017 असे तीनदा अमेरिकेच्या व्यावसायिक हॉकीतील स्टॅन्ले चषक मिळवून दिले. 2009 च्या अंतिम फेऱ्यांत सर्वश्रेष्ठ ठरला तो हाच. 2012 साली तो तेथील व्यावसायिक हॉकीचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात हेलसिंकीत, जेथून तो पळाला होता त्याच शहरात, रशियाने स्लोव्हाकियाला 6–2 असे हरवून जगज्जेतेपद जिंकले, तेव्हा स्पर्धेतील सर्वाधिक गुण त्याचे होते.

नदीकाठच्या ज्या क्रीडागृहात मेताल्लुर्ग आज खेळते, ते 2007 च्या जानेवारीत उघडले, म्हणजे माल्किन निघून गेल्यावर. 2012 च्या शरदात अमेरिकेतील संघमालकांनी टाळेबंदी पुकारली, आणि माल्किन आपल्या जुन्या संघाकडे परतला. 37 सामन्यांत त्याने 65 गुण मिळविले. टाळेबंदी उठली, तेव्हा तो उघडपणे निरोप घेऊन पिट्सबर्गला गेला, आणि या वेळी त्याला कोणी अडविले नाही.