तबकडीवरचें नांव

माणसाला एखादा तरी निरुपद्रवी छंद असावा, असें शहाणे लोक सांगतात. परंतु छंद निरुपद्रवी आहे कीं नाहीं, याचा निवाडा छंदिष्टानें स्वतः करावयाचा नसून त्याच्या घरच्या मंडळींनीं करावयाचा असतो. आमच्या घड्याळांच्या छंदाविषयीं पनवेलच्या आमच्या एकत्र कुटुंबांत जें लोकमत आहे तें असें: वहिनींच्या मतें तो जेवणाच्या टेबलाचा दुरुपयोग आहे, मुलांच्या मतें तो काकांचा एक बरा खेळ आहे, आणि आमचे वडीलबंधू म्हणतात कीं, वेळ दाखविणाऱ्या वस्तूपायीं इतका वेळ घालविणारा मनुष्य त्यांनीं दुसरा पाहिला नाहीं. खिशांतला मोबाइल अचूक वेळ सांगत असतां मनगटावर आणखी एक यंत्र कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, आणि आम्हीं त्याचें उत्तर अद्याप दिलेलें नाहीं.

हा छंद घड्याळें विकत घेऊन कपाटांत मांडण्याचा नव्हे. तीं घरीं जुळविण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि मग हातावर बांधून मिरविण्याचा आहे. त्यांतही आमचें मन विशेष रमतें तें नामांकित घड्याळांच्या घाटाबरहुकूम घड्याळ तयार करण्यांत. पाण्यांत बुडी मारणाऱ्यांसाठीं रोलेक्स कंपनीनें १९५३ सालीं जें घड्याळ काढलें, त्याचा घाट—काळी तबकडी, ठळक ठिपके आणि भोंवतीं फिरणारें कडें—आज जगांतील कितीतरी कारखाने उचलतात. मूळ घड्याळ घ्यावयाचें तर लाखांचा हिशेब करावा लागतो. त्याच घाटाचें घरीं जुळविलें तर कांहीं हजारांत भागतें. कारण यंत्र, पेटी, तबकडी, काटे, काच आणि पट्टा हे सर्व भाग सुटे विकत मिळतात. यंत्र बहुधा जपानच्या सीको कंपनीचें ‘एन. एच. ३५’ या जातीचें घेतात. त्यांत २४ खडे असतात, ठोके तासाला २१,६०० म्हणजे सेकंदाला ६ पडतात, आणि पूर्ण चावी भरली म्हणजे तें सुमारें ४१ तास चालतें. हे खडे म्हणजे कृत्रिम माणकें. चाकांच्या बारीक आंसांस फिरावयाला गुळगुळीत आणि न झिजणारी जागा मिळावी म्हणून तीं बसवितात.

काम सोपें आहे असें मात्र कोणी समजूं नये. डोळ्याला भिंग, हातांत चिमटा, बोटांवर रबरी टोप्या आणि डोक्यावरचा पंखा बंद! पनवेलच्या मे महिन्यांत पंखा बंद करून दोन तास बसणें हेंच एक तप आहे. प्रथम तबकडी बसवावयाची. मग चावी फिरवून तारीख बदलण्याचा नेमका क्षण गांठावयाचा, आणि त्याच क्षणीं काटे बाराच्या अंकावर एकावर एक बसवावयाचे. यांत चूक झाली तर पहाटेचे चार वाजले तरी घड्याळ कालचीच तारीख धरून बसतें. सेकंद काट्याची नळी तर इतकी बारीक असते कीं, ती आंसावर नीट बसली कीं नाहीं हें हाताला कळत नाहीं, केवळ मनाला कळतें. इतकें झाल्यावर काचेखालीं धुळीचा एक कण दिसला कीं पुन्हां सर्व उघडावयाचें! पण शेवटीं घड्याळ हलक्या हातानें हलवावें आणि निश्चल काटा एकाएकीं चालूं लागावा, यांतला आनंद ज्यानें अनुभवला त्याला टेबल अडविल्याबद्दलचीं बोलणीं गोड वाटतात.

जुळणीपेक्षां दुरुस्ती अधिक शिकविते. हार्बर मार्गाच्या गाडीनें सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजारांत गेलें म्हणजे जुन्या घड्याळांचे ढीग दिसतात, आणि त्यांत एच. एम. टी. चें ‘जनता’ हटकून असतें. सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्सनें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगलोरास घड्याळांचा कारखाना काढला. २०१६ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आरंभीच्या दोन तपांत परीक्षेंत उत्तीर्ण झालेला मुलगा काय, किंवा बोहल्यावरून उतरलेला जांवई काय, यांच्या मनगटावर बहुधा याच कारखान्याचें घड्याळ चढलें. त्याचें यंत्र जपानी आराखड्यावरचें होतें. पण तो आराखडा परवानगीनें घेतलेला, शिकून उतरविलेला, आणि तबकडीवर नांव घातलें तें स्वतःचें. आज त्याच बाजारांत जुनें यंत्र एकाचें, पेटी दुसऱ्याची आणि तबकडी काल छापलेली, असें घड्याळ ‘जुनें, अस्सल’ म्हणून गळ्यांत मारतात. परदेशांतल्या शौकिनांनीं अशा घड्याळांस ‘मुंबई स्पेशल’ असें नांव ठेविलें आहे. मुंबईच्या शेजाऱ्यांना तें कांहीं भूषणावह नाहीं.

आमच्या कोंकणच्या पावसाळ्यांत या साऱ्यांची परीक्षा होते. तबकडीवर ‘२०० मीटर’ असें छापावयाला शाई पुरते. पाणी बाहेर ठेवावयाला मात्र नीट बसलेलें रबराचें कडें लागतें. जुलैंतल्या एका सरीनंतर काचेखालीं धुकें धरलेलीं आणि चावीच्या दांडीला गंज चढलेलीं कितीतरी घड्याळें आमच्यापुढें आलीं आहेत. पाऊस तबकडी वाचीत नाहीं. जातां जातां एक सूचना करून ठेवतों. पूर्वीं अंधारांत वेळ दिसावी म्हणून कांहीं घड्याळांच्या काट्यांना व अंकांना रेडियमचा रंग लावीत. तो रंग आतां चमकत नसला तरी रेडियमचा किरणोत्सर्ग संपलेला नसतो. त्याचें बळ निम्में होण्यासच सुमारें १,६०० वर्षें लागतात. आजोबांच्या पेटींत असें घड्याळ सांपडलें तर तें मुलांच्या हातीं देऊं नये, आणि घरीं उघडून खरवडूं तर मुळींच नये.

दुसऱ्याचें नांव तबकडीवर घालण्याची विद्या कांहीं चोरबाजारानें शोधून काढलेली नाहीं. अठराव्या शतकांत लंडनच्या घड्याळांस मोठा मान होता. तेव्हां स्वित्झर्लंडांत केलेल्या स्वस्त घड्याळांवर लंडनच्या खऱ्या-कल्पित कारागिरांचीं नांवें कोरून तीं युरोपांत खपवीत. आज ज्या देशाचे कारखानदार नकलांच्या नांवानें बोटें मोडतात, त्यांच्याच पूर्वजांची ही कथा आहे. पॅरिसचा विख्यात घड्याळजी ब्रेगे (१७४७–१८२३) याला तर नकलांचा इतका उपद्रव झाला कीं, त्यानें सुमारें १७९५ पासून तबकडीवर एक गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. ती इतकी सूक्ष्म असे कीं, तिरप्या उजेडांत धरल्यावांचून दिसत नसे.

तर मग नक्कल करणें हेंच मुळीं पाप काय? तसें म्हणावें तर आपलें घरच नकलांनीं भरलेलें आहे. शेजारच्या पेणेस साच्यांतून निघालेला गणपति दरवर्षीं हजारों घरांत मखरांत बसतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या प्रतींपुढें आपल्या आज्यांनीं जन्मभर उदबत्त्या लावल्या. हें मूळ चित्र आहे असें कोणी म्हटलें नाहीं, म्हणून कोणी फसलेंही नाहीं. आमच्या घरच्या स्त्रिया लोकलनें जातांना ज्या पाटल्या घालतात त्यांना त्या स्वतःच ‘खोट्या’ म्हणतात. आणि नांवांतच कबुली असल्यावर खोटेपणा कोठें उरला? तेव्हां घाट उचलणें निराळें, आणि नांव उचलणें निराळें.

कायद्याची रेघही साधारण येथेंच आहे. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याप्रमाणें दुसऱ्याचें चिन्ह खोटेपणानें मालावर लावणाऱ्यास, अथवा असा माल विकणाऱ्यास, ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आमच्या जवळच्या न्हावा-शेवा बंदरासारख्या ठिकाणीं असा माल अडविण्यासाठीं २००७ चे नियम आहेत. पण प्रवाशाच्या सामानांतील किंवा स्वतःच्या उपयोगापुरत्या लहान पार्सलांतील वस्तु त्याच नियमांनीं वगळल्या आहेत. म्हणजे जो विकत नाहीं, केवळ वापरतो, त्याचा प्रश्न कस्टम्सच्या दारांतून सुटून सरळ गृहस्थाच्या माजघरांत येतो.

आमच्या माजघरांत तो आला तो असा. आमच्या आळींतील एक वृद्ध गृहस्थ एके दिवशीं बंद पडलेलें घड्याळ घेऊन आले. त्यांचे धाकटे बंधू आखाती देशांत नोकरीस होते. ते आतां हयात नाहींत. शेवटच्या खेपेस त्यांनीं वडील भावासाठीं हें घड्याळ आणलें होतें, आणि तबकडीवर एक मोठें स्विस नांव होतें. मागचें झांकण उघडतांच आंतलें यंत्र त्या नांवाचें नव्हे हें आम्हांस दिसलें. साफ करून चालूं केलें, तेव्हां काटाही सेकंदाला आठांऐवजीं सहाच पावलें टाकूं लागला. नानांनीं विचारलें, “काय हो, अस्सलच आहे ना?”

आम्हीं म्हटलें, “नाना, आंतलें यंत्र दुसऱ्या कारखान्याचें आहे. पण आतां तें साफ झालें आहे. आणखी पुष्कळ वर्षें चालेल.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यानें मला खरें म्हणूनच दिलें. त्याला कोणीतरी फसविलें असेल.” आणि घड्याळ हातावर बांधून ते निघून गेले.

देणारा प्रामाणिक, घेणारा प्रामाणिक, आणि दोघांमध्यें मात्र एक असत्य टिकटिकत राहिलेलें! ज्यानें तें नांव छापलें तो हिशेब चुकता करून केव्हांच मोकळा झाला. घड्याळ बहुधा मालकाहून अधिक जगतें. म्हणून त्याच्यावरचें खोटें नांव हें एका माणसाचें असत्य राहत नाहीं. तें वारसानें पुढें जातें, आणि ज्याला कांहीं ठाऊक नाहीं त्याच्या तोंडून बोललें जातें.

पुढें लौकरच आमच्या पुतणीचें लग्न ठरलें. जांवयाला घड्याळ द्यावयाचें, ही आपल्याकडील चाल. वडीलबंधू आम्हांस म्हणाले, “तूं इतकीं घड्याळें करतोस, त्या मोठ्या नांवाची तबकडी घालून एक कर. दिसण्यांत फरक नाहीं, आणि चारचौघांत शोभा होईल.” त्यांचें म्हणणें अगदींच पोरकट नव्हतें. कार्याचा खर्च त्यांच्या डोक्यावर होता, आणि सासरीं मुलीचें वजन पहिल्या दिवसापासून राहावें असें कोणत्या बापाला वाटत नाहीं?

उत्तर वहिनींनीं दिलें. “अहो, खोट्या पाटल्या मी घालतें त्या माझ्या हातांत. लेकीला सासरीं पाठवितांना तिच्या हातांत खऱ्याच घालणार ना? जांवई एक दिवस तें घड्याळ दुरुस्तीला त्या कंपनीच्या दुकानांत नेतील. तेथें चार लोकांत त्यांना जें ऐकावें लागेल, त्याचा जाब घरीं आल्यावर कोण देणार? तुम्ही कीं तुमची मुलगी?”

वडीलबंधू कांहीं बोलले नाहींत. आम्हीं त्याच घाटाचें, त्याच मेहनतीचें घड्याळ केलें. तबकडी मात्र कोरी ठेविली. मुलाच्या हातीं देतांना आंत कोणाचें यंत्र आहे तें सांगून टाकलें. विहिणींपैकीं एकीनें “याला नांव नाहीं वाटतें?” असें विचारलें, आणि वडीलबंधूंचा चेहरा क्षणभर उतरला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे, सत्याला थोडीशी किंमत ही पडतेच. परंतु पहिल्याच पावसाळ्यांत काचेखालीं धुकें धरलें तेव्हां जांवईबापू तें घेऊन निःसंकोचपणें आमच्याकडे आले, भिंग डोळ्याला लावून बसले, आणि रबराचें कडें कसें बदलतात तें पाहूनच उठले. त्या दिवशीं जेवणाचें टेबल रात्रीं नऊपर्यंत अडलें. पण जांवयापुढें कोण बोलणार?

जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्तीला उघडलें म्हणजे झांकणाच्या आंतल्या अंगाला सुईनें तारीख आणि आपली खूण कोरून ठेवीत. आम्हीं तोच रिवाज उचलला आहे. यंत्र कोणाचें, पेटी कोठली, जुळविलें केव्हां, इतकें प्रत्येक झांकणाच्या आंत कोरल्यावांचून आमच्या घरांतून घड्याळ बाहेर जात नाहीं. ज्यांना हा छंद लागला आहे त्यांनीं काळी तबकडी खुशाल करावी, ठिपके हवे तसे मांडावे, आणि घड्याळ हातावर बांधून मिरवावें. पण हें कोरण्याचें काम तेवढें चुकवूं नये. बाहेरून तें कोणास दिसत नाहीं. पण चाळीस-पन्नास वर्षांनीं आपण नसूं तेव्हां कोणी एक घड्याळजी तें झांकण उघडील, आणि पुढें उभ्या असलेल्या आपल्या नातवापासून त्याला कांहीं लपवावें लागणार नाहीं.